शंभर पेशी

३ मार्च, मंगळवार

ठकू,

आठ महिन्यांत तू माझा एकही फोन उचललेला नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी ते हातात घ्यावं लागतं, एवढाच माझा हिशोब.

तुझी चिठ्ठी पोचली. वकिलाने लिहिली असती तरी थोडी ऊब असती. 'अठरा तारखेला चौकशी समितीसमोर सुनावणी आहे. डॉक्टरांच्या विरोधात तुझं लेखी निवेदन हवं. द्यायचं नसेल तर तसं कळव.' ना वर 'आई', ना खाली 'तुझी'. अक्षर मात्र बाबांसारखं होत चाललंय तुझं, उजवीकडे कलणारं.

बाबा गेले आणि महिन्याभरात तू तक्रारीचा अर्ज माझ्यासमोर ठेवलास. आपले घरचे डॉक्टर, ज्यांना तू दात यायच्या आधीपासून काका म्हणत आलीस, त्यांनी बाबांचा रक्ताचा कर्करोग ओळखला नाही, सात आठवडे लोहाचं टॉनिक पाजत बसले आणि माणूस हातचा गेला, असं तू त्यात लिहिलं होतंस. मी सही केली नाही. तेव्हापासून तुझ्या लेखी मी डॉक्टरांच्या बाजूची. समितीने तुझं म्हणणं मान्य केलं तर त्यांचा परवाना जाईल. एकसष्ट वर्षांचा माणूस, दुसरं काही येत नाही त्यांना.

निवेदन देईन. अठराच्या आत देईन, शब्द देते. पण मला थोडं वळसा घालून यावं लागेल. सरळ येता येत नाही.

हॉस्टेलवर तुझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीकडून कळलं की तू रक्ताच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झालीस. तिच्यावर डाफरू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. सव्वीस वर्षं लॅबमध्ये रक्त बघणाऱ्या बाईची मुलगी रक्तात नापास! हसावं की रडावं कळेना, म्हणून मी भांडी घासायला घेतली.

तर पुस्तक मिटून ठेव आणि ऐक. तांबडी पेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलेली चकती. कडेला गडद, मध्ये फिकी. तिला केंद्रक नसतं, अस्थिमज्जेतून बाहेर पडायच्या आधीच ती ते टाकून देते, म्हणजे हिमोग्लोबिनला तेवढी जागा जास्त मिळते. ते हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलतं आणि शरीरभर पोचवतं. केंद्रक नाही म्हणून स्वतःची डागडुजी करता येत नाही. साधारण एकशेवीस दिवस राबते, मग प्लीहेत मोडीत निघते. तू स्लाइड लावल्या लावल्या मधला फिका भाग बघ. पेशीच्या एक तृतीयांश असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर माणसाला रक्त कमी आहे, मग तोंडाने तो काहीही सांगो.

तांबड्या पेशी कमी पडल्या की माणूस दमतो. जिन्यात थांबतो. बाबा दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले होते, आठवतं? "जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आता स्वतःचे पाय दुरुस्तीला आले," असं मी शेजाऱ्यांसमोर म्हणायचे. सगळे हसायचे. तेही हसायचे, कठड्याला धरून.

आई


८ मार्च, रविवार

ठकू,

उत्तर नाही. अपेक्षा केली नव्हती, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी दारात जाते. त्याला वाटत असेल बाईला कामधंदा नाही.

आज पांढऱ्या पेशी. पाच प्रकार, आणि तू पाचही पाठ केले असणार, तरी नापास झालीस, कारण पाठ करणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तीन-चार तुकडे बारीक धाग्याने जोडलेले दिसतात. जंतू शिरले की सगळ्यात आधी हीच धावते, जंतू गिळते आणि मरते. फोडातला पू म्हणजे बराचसा त्यांचाच ढीग. लिम्फोसाइट लहान, गोल, केंद्रकानेच पोट भरलेलं. एकदा भेटलेला जंतू या पेशी वर्षानुवर्षं विसरत नाहीत. (माझ्यावर गेल्या आहेत. आणि तूही.) मोनोसाइट सगळ्यात मोठी, केंद्रक मूत्रपिंडाच्या आकाराचं, मागून येऊन घाण साफ करणारी. इओसिनोफिलमध्ये नारिंगी दाणे, जंत झाले किंवा ॲलर्जी असली की वाढते. बेसोफिल शंभरात एखादी, नाहीतर तीही नाही. जांभळ्या दाण्यांनी इतकी भरलेली की केंद्रक शोधावं लागतं.

या पाचांत न बसणारी पेशी दिसली तर काय करायचं, हे तुला कुणी सांगितलं का? थांबायचं. चष्मा पुसायचा आणि पुन्हा बघायचं. अस्थिमज्जेत पेशी तयार होत असताना त्यांची एक कोवळी अवस्था असते, तिला ब्लास्ट म्हणतात. मोठी पेशी, जवळजवळ सगळी केंद्रकाने व्यापलेली, आणि त्या केंद्रकात फिकट ठिपके. तिने मज्जेतच राहायचं असतं. मोठ्या माणसाच्या रक्तात ती दिसता कामा नये. दिसली तर हातातलं काम टाकून फोन करायचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा सकाळी दात घासून बाहेर आले आणि म्हणाले, "ब्रश बदलायला हवा, हिरड्यांतून रक्त येतंय." मी म्हटलं, "अहो, ब्रश नका बदलू, जोर कमी लावा. दात आहेत, लिफ्टचं दार नाही." मांडीवर काळानिळा डाग होता. धक्का लागला असेल म्हणाले. मीही म्हटलं, लागला असेल.

लॅबमध्ये काम करणारी बाई. हिरड्या, डाग, थकवा. समोरच्या खुर्चीत कुणी परकं बसून हे सांगत असतं तर मी ताडकन उठले असते.

तुला वाटतंय तसं मी डॉक्टरांना पाठीशी घालत नाहीये. एवढं आज लिहून ठेवते.

आई


११ मार्च, बुधवार

ठकू,

आज मोजायचं कसं ते सांगते. सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, आणि यातच सगळे घसरतात.

रक्ताचा थेंब काचेवर, दुसऱ्या काचेने एका दमात ओढायचा. वाळला की रंग द्यायचा, मग पाणी, मग पुन्हा वाळवायचं. पेशी एकमेकींवर चढलेल्या नाहीत अशी पातळ जागा शोधायची, तेलाचा थेंब टाकून मोठी लेन्स लावायची आणि वरखाली वळणं घेत पुढे सरकायचं. दिसेल त्या प्रत्येक पांढऱ्या पेशीसाठी मोजणीयंत्राचं तिच्या नावाचं बटण दाबायचं. शंभर झाल्या की घंटी वाजते. प्लेटलेट त्याच वेळी बघून घ्यायच्या. मज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे हे तुकडे, जखम झाली की तिथे चिकटून भोक बुजवतात. त्या कमी असल्या की हिरड्यांतून रक्त येतं आणि अंगावर उगाच डाग पडतात. तेलाच्या लेन्सखाली एका दृश्यात आठ-दहा तरी दिसायला हव्यात.

नीट केलं तर एका स्लाइडला सहा-सात मिनिटं लागतात. दिवसाला वीस स्लाइड असतील तर होतं. शंभरावर असतील आणि पेशी आपोआप मोजणारं मशीन बंद असेल तर होत नाही.

आता कुठल्याच पुस्तकात नाही ते सांगते. ज्या दिवशी होत नाही, त्या दिवशी आम्ही मोजत नाही. माणूस धडधाकट दिसत असेल, नोकरीसाठी किंवा नुसता दमलोय म्हणून आलेला असेल, तर आकडे मनाने भरायचे. न्यूट्रोफिल बासष्ट, लिम्फोसाइट तीस, इओसिनोफिल पाच, मोनोसाइट तीन, बेसोफिल शून्य. पुढच्याला एकसष्ट आणि बत्तीस. लागोपाठ तेच आकडे लिहायचे नाहीत, आणि बेरीज शंभर आली पाहिजे. प्लेटलेटपुढे 'पुरेशा' असं लिहायचं. मला हे नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या सीनियर बाईंनी शिकवलं. पुढे मी चार जणींना शिकवलं. शिकवताना मी असंही सांगायचे की आजारी माणूस असेल तर मात्र नीट मोजायचं हं. आजारी आहे की नाही हे स्लाइड न बघता कसं कळणार, हे एकीनेही विचारलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

घंटी वाजली नाही की हॉलमध्ये सगळ्यांना कळतं. कुणी मान वर करत नाही.

आज इथेच थांबते, हात दुखतोय.

हात दुखत नाहीये. पुढचं लिहवत नाही.

आई


१४ मार्च, शनिवार

ठकू,

तू एव्हाना ओळखलं असशील. तू बाबांची मुलगी आहेस, बिघाड कुठे आहे ते तुला आवाजावरून कळतं. तरी मी लिहिते, कारण तू ओळखणं आणि मी सांगणं यात फरक आहे.

गेल्या एप्रिलमध्ये बाबांना डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि ते माझ्याच लॅबमध्ये आले. दुसरीकडे कशाला जातील? त्या दिवशी एका कारखान्याच्या नोकरभरतीचे एकशे चाळीस नमुने आले होते, आणि मशीन पाच दिवस दुरुस्तीला गेलेलं. सकाळी आमचं भांडण झालं होतं. त्यांनी पुन्हा रजा टाकली होती आणि मी म्हटलं होतं, "थकलोय थकलोय काय लावलंय, मी नाही थकत?" दुपारी ते बाही वर करूनच माझ्यासमोर येऊन बसले. "काढा रक्त बाईसाहेब. सकाळी प्यायलात त्यातून काही उरलं असेल तर." मला हसू आलं होतं. मी ते दाखवलं नाही.

रक्त मी काढलं. हिमोग्लोबिन केलं, ते थोडं कमी होतं, अकरा. एकूण पांढऱ्या पेशीही मोजल्या, सात हजार आठशे, अगदी सरळ. मग स्लाइड ओढली, रंग दिला, वाळवली आणि खोक्यात ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली घेतलीच नाही. माझा नवरा आहे, मला माहीत आहे त्याला काय झालंय, आळस झालाय, असं मनात म्हणाले आणि लिहिलं: बासष्ट, तीस, पाच, तीन, शून्य. प्लेटलेट पुरेशा. खाली माझी सही.

डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघितला. त्या रिपोर्टवर कुठल्याही डॉक्टरने लोहाचं टॉनिकच दिलं असतं.

सात आठवड्यांनी नाकातून रक्त थांबेना तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. पुढचे एकोणीस दिवस तू माझ्याबरोबर होतीस. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "याआधी रक्त तपासलं नव्हतं का?" तू म्हणालीस, "तपासलं होतं, नॉर्मल होतं." मी तुझ्या शेजारी उभी होते, ठकू. मी पाण्याची बाटली भरून आणायला गेले.

ते गेल्यावर नवव्या दिवशी मी कामावर गेले. जुन्या स्लाइड टाकून द्यायची वेळ झाली होती. मी खोक्यातून त्यांची काढली आणि पहिल्यांदा लेन्सखाली ठेवली. बघायच्या आधीच मला माहीत होतं, तरी मोजली. शंभर मोजल्या. घंटी वाजली. एकतीस ब्लास्ट. प्लेटलेट कुठल्याच दृश्यात दोनपेक्षा जास्त नाहीत. शिकाऊ मुलीनेही दहा सेकंदांत ओळखलं असतं. सात आठवडे आधी कळलं असतं तर ते वाचले असते का, मला माहीत नाही. औषध सुरू झालं असतं, एवढं नक्की. ते लढले तरी असते.

मग तू अर्ज घेऊन आलीस. मी सही केली नाही आणि तेवढ्यावर स्वतःला बरी बाई समजत राहिले. निर्दोष माणसावर खोटा आरोप तरी नाही केला, असं. खरं सांगायला तोंड उघडावं लागतं, सही न करायला काहीच लागत नाही. आठ महिने तू मला दगडाच्या काळजाची समजलीस आणि मी ते चालवून घेतलं, कारण खऱ्यापेक्षा ते परवडत होतं. डॉक्टर रस्त्यात दिसले की मी समोरच्या फुटपाथवर जाते. त्यांच्या दवाखान्यात आता दोन-तीनच माणसं बसलेली असतात. तुझ्या अर्जाची बातमी सगळीकडे झाली आहे.

हे पत्र म्हणजेच तू मागितलेलं निवेदन. याची प्रत आज समितीला पाठवली आहे, लॅबच्या मालकांनाही. अठराला मी येईन आणि तोंडानेही सांगेन. पत्राबरोबर स्लाइड ठेवली आहे, कापसात गुंडाळून. जपून उघड, काच आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः मोज.

आई


२२ मार्च, रविवार

ठकू,

तू आलीस, माझ्याकडे न बघता बसलीस, आणि नाव पुकारल्यावर पिशवीतून स्लाइड काढून टेबलावर ठेवलीस. सोबत तुझी चिठ्ठी. अध्यक्षांनी ती मोठ्याने वाचली: ब्लास्ट चौतीस. माझ्या एकतीस होत्या. शंभरात एवढा फरक चालतो, दोन माणसं कधी सारखं मोजत नाहीत. तू बरोबर मोजलंस. त्या खोलीत, तसल्या वेळी, मला अभिमान वाटला. लाज नाही मला.

मग त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी या स्लाइडवरच्या किती पेशी तुम्ही मोजल्या होत्या?" मी म्हटलं, "एकही नाही." तू उठलीस आणि निघून गेलीस. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, दार लागलं. मी मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पुढे बोलता आलं नसतं.

माझं काय झालं ते थोडक्यात. नोकरी गेली. प्रमाणपत्र रद्द करायची शिफारस झाली आहे. खोक्यांत उरलेल्या माझ्या सगळ्या स्लाइड आता दुसरी दोघं पुन्हा मोजणार आहेत. कालपर्यंत दोनशे अकरा झाल्या, त्यात एका बाईंना परत बोलवावं लागलं. मी कोण म्हणून त्यांच्या दारात जाऊ, तरी गेले. त्यांच्या मुलाने दार लावून घेतलं. बरोबर केलं त्याने.

पण हे सांगायला पत्र नाही लिहीत. तू गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही. तिथे आपल्या ओळखीचं कुणी नव्हतं, आणि डॉक्टर स्वतःहून तुला कधीच सांगणार नाहीत. म्हणजे मी गप्प बसले तर ते तुला कळायचंच नाही. आठ महिने मला असंच गप्प बसता आलं. आता नको.

अध्यक्ष डॉक्टरांचा केसपेपर चाळत होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. पहिल्या रिपोर्टनंतर तीन आठवड्यांनी लिहिलेलं होतं: 'हिरड्यांतून रक्त. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासणी सुचवली. रुग्णाचा नकार.'

"हे तुम्ही तुमच्या लेखी उत्तरात का दिलं नाही?" त्यांनी विचारलं. "एवढ्यावर तुमची सुटका झाली असती."

डॉक्टर म्हणाले, "राहून गेलं."

"डॉक्टर, एवढी गोष्ट राहून जात नाही. नकार का दिला त्यांनी?"

ते चष्म्याची काडी उघडत-मिटत बसले. मग माझ्याकडे न बघता बोलले. "मी त्यांना म्हटलं, मला शंका येतेय, दुसरीकडे एकदा रक्त देऊन या. तर ते म्हणाले, माझ्या बायकोने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय डॉक्टर. आता दुसरीकडे तपासलं तर तिला काय वाटेल? तिच्या कामावर माझाच विश्वास नाही, असं होईल." मग ते म्हणाले, "मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही. तो माझा दोष, तेवढा लिहून घ्या."

समितीने त्यांना ताकीद दिली आणि परवाना राहू दिला. बाहेर पॅसेजमध्ये मी त्यांना गाठलं. म्हटलं, "आठ महिने तुमच्यावर चिखल उडतोय, एवढं एक वाक्य का नाही बोललात?"

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्हाला ते ऐकून काय मिळालं असतं?" आणि छत्री शोधायला आत गेले.

चार दिवस झाले. घरात बोलायला कुणी नाही, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ. तू आता घरी ये असं मी लिहिणार नाही, तो तुझा प्रश्न. त्यांची माफी मागता येत नाही, तुझी मागायची माझी लायकी नाही. मी एकाच गोष्टीचा विचार करतेय. त्यांनी दुसरीकडे रक्त दिलं असतं आणि मला कळलं असतं, तर मला खरंच वाईट वाटलं असतं का?

वाटलं असतं, ठकू. मी घर डोक्यावर घेतलं असतं. सव्वीस वर्षांची नोकरी ऐकवली असती, आठवडाभर तोंड फिरवून बसले असते. तेवढा एक आठवडा टाळायला त्यांनी रक्त दिलं नाही. ते मला चांगलं ओळखून होते.

आई